एका चिरेसाठी पुणे ते मांडवी

सोमवार, पुणे

चीर जेमतेम अठरा मिलिमीटरची. पायडलच्या बेअरिंगपासून मागच्या चाकाकडे जाणारा चेनच्या बाजूचा दांडा, ज्याला सायकलवाले चेनस्टे म्हणतात, त्याच्या खालच्या अंगाला. चेन कधीतरी दातेरी चक्र आणि दांडा यांच्यात अडकली असणार, तिचा खोल ओरखडा तिथे वर्षानुवर्षं होता. चीर त्या ओरखड्यातूनच निघाली आहे. फ्रेम बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचा यात काडीचा दोष नाही, म्हणून तिचं नाव मध्ये आणत नाही.

सायकल मामांची. 1988 साली ओहायोत शिकत असताना विद्यावेतनातून वाचवून घेतलेली, आणि परत येताना खोक्यात भरून आणलेली. जाड नळ्यांची, ॲल्युमिनियमची. तेव्हा पुण्यात लोक सिग्नलला थांबून नळीवर टिचकी मारून बघायचे, असं मामा सांगतात.

आधी आमचा नेहमीचा सायकल दुरुस्तीवाला. त्यानं फ्रेम उलटी केली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "लोखंडाची असती तर पितळ लावून संध्याकाळी दिली असती. हे माझं काम नाही." हे उत्तर मला आवडलं. नाना पेठेत अलॉय व्हील दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो, तर तो तिथल्या तिथे टाका मारायला तयार. तीनशे रुपये, दहा मिनिटं. काय धातू, किती जाडी, कोण चालवतं, काही विचारलं नाही. हातात वेल्डिंगची टॉर्च घेतलीसुद्धा होती. मामांनी फ्रेम उचलली आणि सरळ रस्त्यावर आले. "इतक्या घाईनं मी दाढीपण करत नाही," एवढंच म्हणाले.

या फ्रेमची गोची काय ते सांगायला हवं. ॲल्युमिनियम वजनाला पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणाही एक तृतीयांशच. 1970 च्या दशकात इटलीची आलान आणि नंतर फ्रान्सची व्हिटस यांनी ॲल्युमिनियमच्या बारीक नळ्या जोडाच्या तुकड्यांत चिकटवून फ्रेमा काढल्या. हलक्या होत्या, पण जोर लावला की लवायच्या. त्याच दशकात एमआयटीत शिकणाऱ्या गॅरी क्लाइननं नळीचा व्यासच वाढवायचा मार्ग धरला. नळी जाड आणि पत्रा पातळ केला की वजन न वाढता ताठपणा भरपूर वाढतो. कॅननडेलनं 1983 पासून अशा जाड नळ्यांच्या सायकली मोठ्या प्रमाणावर विकल्या. मामांची सायकल त्याच पिढीतली. मिश्रधातू 6061, आणि पुढे टी-6 लागतं. सगळी मेख त्या टी-6 मध्ये आहे, ती कळायला दुसऱ्या दिवशी भोसरी गाठावी लागली.

मंगळवार, भोसरी

गुरुवारी भोसरी बंद असते आणि बुधवारी निघायचं होतं, म्हणून मंगळवारच सापडला. वॅगन आरच्या मागच्या सीटवर फ्रेम, तिला सीटबेल्ट. हे मामांचं काम.

आधी एका तपासणीवाल्याकडे डीपी, म्हणजे चीर रंगानं दाखवणारी डाय पेनिट्रंट चाचणी, करून घेतली. साफ केलेल्या धातूवर लाल रंगाचा द्रव फवारतात, तो चिरेत झिरपेपर्यंत थांबतात, वरचा सगळा पुसून घेतात आणि मग पांढऱ्या पावडरीचा फवारा मारतात. आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर हळूहळू वर येतो. डोळ्यांना अठरा मिलिमीटर दिसत होती ती रेघ पांढऱ्यावर सत्तावीसपर्यंत गेली, आणि मागच्या टोकाला वेल्डिंगच्या दिशेनं किंचित वळलेली निघाली. मामा चष्मा कपाळावर चढवून ती रेघ फुटताना बघत होते. बाकीची फ्रेम मात्र स्वच्छ निघाली. हँडल बसतं त्या पुढच्या हेड ट्यूबचे जोड आणि सीटखालची खाच, जिथे अशा फ्रेमा हमखास दगा देतात, तिथे पांढरं ते पांढरंच राहिलं.

मग हीट ट्रीटमेंटवाले. यांच्या भट्ट्यांत रोज ॲल्युमिनियमची ओतीव कामं जातात. तिथल्या शिफ्ट इन्चार्जनं चहा मागवला आणि पाठकोऱ्या चलानावर गणित मांडलं. 6061 ची ताकद मिश्रणात जन्मजात नसते, ती उष्णता देऊन आणलेली असते. साधारण 530 अंशांवर धातू तापवून धरायचा, भट्टीतून काढून काही सेकंदांत पाण्यात टाकायचा, मग 175 अंशांच्या आसपास आठ तास शिजत ठेवायचा. त्यानं आतले मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे बारीक कण अशा तऱ्हेनं वेगळे होतात की धातू कडक होतो. ही टी-6 अवस्था, तुटेपर्यंतची ताकद 310 मेगापास्कलच्या घरात. वेल्डिंगची आच लागली की टाक्याच्या शेजारच्या पट्ट्यात ही कमाई उडते. उरते 165 च्या आसपास. म्हणजे जवळपास निम्मी.

"मग वेल्ड करून पूर्ण फ्रेमच पुन्हा भट्टीत घालायची," मामा म्हणाले.

"घालू की, सर. पण मोकळी फ्रेम तापवून पाण्यात टाकली तर तिचा पापड होईल. कंपनीकडे फ्रेम जखडून धरणारं फिक्श्चर असतं, पाण्यातून निघाल्यावर लगेच सरळ करणारी माणसं असतात. माझ्याकडे यातलं काही नाही. आणि एका नगासाठी भट्टीची बॅच मी लावणार नाही."

पैसे घ्यायला तयार नव्हता. चहाचेही नाही.

बुधवार, कोल्हापूर

खंबाटकीपर्यंत ठीक, पुढे साताऱ्यानंतर रस्ता रुंदीकरणाच्या वळणांनी वात आणला. किणीच्या टोलनंतर मामा जागे झाले, ते थेट जेवणाच्याच गोष्टी करत. पण आधी उद्यमनगर.

कोल्हापूर का, तर फाउंड्री. शिरोली, गोकुळ शिरगाव इथं बिडाचं ओतकाम चालतं आणि त्यासाठी वाळूचे साचे पाडायला पॅटर्न लागतात. बरेचसे पॅटर्न ॲल्युमिनियमचे. ते आपटतात, झिजतात, चिरतात, आणि दुरुस्तीला उद्यमनगरच्या गल्ल्यांत येतात. पातळ ॲल्युमिनियमला टाका घालणारा हात महाराष्ट्रात कुठे असेल तर इथे, असा माझा हिशोब होता. तो बरोबरच निघाला, फक्त उपयोग वेगळ्या तऱ्हेनं झाला.

मेस्त्रींचं दुकान म्हणजे पत्र्याचं छत, आर्गनची नळकांडी आणि भिंतीला टेकवलेले पॅटर्न. गावोगावचे ग्राहक दाराशी बसलेले. माझ्या हातातली फ्रेम बघून त्यांनी काच वर केली.

"पुण्यास्नं आलासा व्हय? हे काय, सायकल?"

"हो. चीर गेलीय."

"ओतीव नव्हं हे. एलएम सिक्स, एलएम पंचवीस ही ओतीवची ग्रेडं आमी रोज करतो. हे नळीचं. कुठल्या ग्रेडचं म्हनायचं?"

पहिलाच प्रश्न हा. मी 6061 सांगितलं, भोसरीचा हिशोब सांगितला. मेस्त्रींनी मान डोलावली, बोलले काही नाहीत. कोपऱ्यातून खिडकीच्या सेक्शनचा एक तुकडा उचलला, दीड मिलिमीटरचा पत्रा, करवतीनं अर्धवट कापला आणि कापलेल्या जागी टिगनं, म्हणजे आर्गन वायूच्या आडोशात टंगस्टनच्या टोकानं करायच्या वेल्डिंगनं, टाका घातला. मशीन एसीवर, कारण ॲल्युमिनियमवर ऑक्साइडची जी कातडी असते ती दोन हजार अंशांच्या वर वितळते आणि खालचा धातू 660 लाच. उलटसुलट करंट त्या कातडीला फोडत जातो. पायाखालच्या पेडलनं करंट कमी-जास्त करत, डाव्या हातानं 4043 या ॲल्युमिनियम मिश्रधातूची काडी टोचत त्यांनी जो टाका ओढला तो बघत राहावा असा होता. एकसारखे खवले, शेवटी जराही खड्डा नाही.

गार झाल्यावर तुकडा बाकावरच्या शिकंजात धरला आणि माझ्या हातात पाइप दिला. "वाकवा."

मी जोर लावला. टाक्याला काही झालं नाही. टाक्यापासून बोटभर अंतरावर, जिथं कुणी काही केलं नव्हतं, तिथं पत्रा मऊपणे मुडपला.

"टाका माझा हाय, तो धरंल," मेस्त्री म्हणाले. "शेजारचं मऊ झालं त्याची ग्यारंटी म्या कशी देऊ? पॅटर्नला चालतं, त्याच्यावर कोन बसत न्हाई. तुमी बसनार."

मामांनी त्यांना नमस्कार केला, अगदी वाकून. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस हा.

निघताना मेस्त्रींनीच धागा दिला. गोव्याहून एक जण बोटीच्या फिटिंगचे पॅटर्न करून घ्यायला येतो, तो ॲल्युमिनियमच्या डोलकाठ्या आग न लावता दुरुस्त करतो, कार्बनच्या तंतूंची कापडं गुंडाळून. नंबर वहीत होता. फोन लावला तर पलीकडून पहिला प्रश्न आला: "टायर आणि दांडा यांच्यात जागा किती आहे?" दुसरा: "चीर पुढं सरकताना दिसते का?" त्यानं फोटो मागितले नाहीत, मापं मागितली. ठरलं, गोवा.

रात्रीचं तांबडा-पांढरा झालं, त्यावर वेगळं लिहायला नको.

गुरुवार, बेळगाव

वाटेत बेळगावला मामांचे वर्गमित्र. हत्तरगीजवळ विमानाच्या सुट्या भागांची वसाहत झाली तेव्हापासून त्याच क्षेत्रात काम करून आता निवृत्त. उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी दुपारभर फ्रेम मांडून घेतली.

मोजमापं घेतली ती साध्याच साधनांनी. मागच्या चाकाचा आस बसतो त्या डाव्या खाचेतून दोरा निघाला, पुढच्या हेड ट्यूबला वळसा घालून उजव्या खाचेत आला, ताणून बांधला. मग सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांचं अंतर कॅलिपरनं मोजलं. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. म्हणजे चीर असूनही फ्रेम वाकलेली नाही, तिला नुसतं धरून ठेवायचं आहे. अल्ट्रासॉनिक गेजवर दांड्याच्या पत्र्याची जाडी 1.6 मिलिमीटर आली, ओरखड्याच्या तळाशी बरीच कमी.

"ठिगळच बरोबर आहे बघा," मामांचे हे मित्र म्हणाले. ऑस्ट्रेलियात 1970 च्या दशकात मेलबर्नच्या वैमानिकी प्रयोगशाळेत ॲलन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हर्क्युलस विमानांच्या पंखांतल्या चिरांवर बोरॉनच्या तंतूंची ठिगळं इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या गोंदानं चिकटवायला सुरुवात केली. रिव्हेट मारायचे तर नवी भोकं, म्हणजे नव्या चिरांना आमंत्रण. चिकटवलेलं ठिगळ चिरेवरून जाणारा ताण स्वतःकडे घेतं, चीर उघडमिट करायची थांबते. विमानाला चालतं ते सायकलला का चालू नये?

मामांना डिंकावर विश्वास नव्हता. मग मीच त्यांना व्हिटसची आठवण करून दिली. आयरिश सायकलपटू शॉन केली 1980 च्या दशकात ज्या फ्रेमांवर शर्यती मारत होता त्या चिकटवलेल्याच होत्या की.

"तो केली होता," मामा म्हणाले, पण आवाज उतरला होता.

शुक्रवार, चोर्ला घाट आणि गोवा

बेळगावहून जांबोटी, चोर्ला. घाटात धुकं, समोरून ट्रक, आणि डोंगराच्या अंगाखांद्यावरून येणारं सगळं पाणी म्हादईला मिळणारं. साखळी, डिचोली करत खाली उतरलो तेव्हा तीच नदी मांडवी झालेली. या भागात इपॉक्सी आणि फायबरचं काम जुनं आहे. जगप्रदक्षिणा केलेली नौदलाची म्हादेई ही शिडाची नौका इथल्याच दिवाडी बेटावर बांधली, 2009 साली.

नदीकाठची शेड. आत एक उलटी होडी, सुकाणूचं पातं, दोन कयाक, आणि स्टँडवर आडवी ठेवलेली डोलकाठी. कारागीर चाळिशीचा, मराठी स्वच्छ बोलतो, कामाला लागला की कोकणीत पुटपुटतो. त्यानं आधी चीर नाही, चिरेभोवतीचा लालसर डाग बघितला.

"डीपी केली?"

"हो, भोसरीत."

"हूं. बरं केलं, किती लांब ते कळलं. पण आता तो तेलकट रंग चिरेत बसलाय, तो निघेपर्यंत काही चिकटणार नाही."

बाकीचा दिवस त्यातच गेला. ॲसिटोननं धुवायचं, हीटगननं जरासं कोमट करायचं, आतून लाल पाझरलं की पुन्हा धुवायचं. जास्त तापू द्यायचं नाही म्हणून बोट टेकवून बघत होता. पांढऱ्या चिंधीवर लाल दिसायचं बंद होईपर्यंत त्यानं दुसऱ्या कशाला हात लावला नाही. संध्याकाळी चिरेच्या दोन्ही टोकांना अडीच मिलिमीटरची भोकं पाडली. चिरेचं टोक म्हणजे सुईचं अग्र, सगळा ताण तिथे एकवटतो. तिथे गोल भोक असलं की ताण पसरतो. भोक नेमकं टोकावर पडावं म्हणून तो भिंगातून बघत होता, आणि भोसरीची सत्तावीसची रेघ इथे उपयोगी पडली.

शनिवार

सकाळी काही नाही. भिंतीवरच्या आर्द्रतामापकाकडे बोट दाखवून म्हणाला, "हवा बघा, काका. दुपारी बघू." मामा अस्वस्थ. मी मासे बघून आलो.

दुपारनंतर काम सुरू झालं ते भराभर. ॲल्युमिनियम घासलं की उघड्या धातूवर क्षणात नवं ऑक्साइड धरतं आणि त्यावर चिकटवलेलं पुढे सुटतं. म्हणून त्यानं आधी इपॉक्सी लावली आणि ओल्या इपॉक्सीतच पॉलिश पेपर घासला, म्हणजे उघडा झालेला धातू हवेला भेटतच नाही. राखाडी झालेला लगदा पुसला, पुन्हा लावली, पुन्हा घासली.

पहिला थर कार्बनचा नाही, काचेच्या कापडाचा. मी विचारलं, ताकद तर कार्बनची, मग काच कशाला? तो डोलकाठीकडे बोट करून म्हणाला, तिथे कुणीतरी काच न घालता कार्बन गुंडाळला होता. जवळ जाऊन पाहिलं. कार्बनच्या कडेखाली ॲल्युमिनियमला पांढऱ्या पिठासारखा फुगवटा, नखानं टोकरलं की गळत होता. कार्बन वीज वाहतो. तो आणि ॲल्युमिनियम टेकले, मध्ये खारं पाणी आलं, की बॅटरी तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो. सायकलला समुद्र नाही, पण घाम आहे. काचेचं कापड दोघांना वेगळं ठेवतं.

मग कार्बन. दांड्याच्या लांबीत सरळ धाग्यांच्या पट्ट्या, त्यांवर पंचेचाळीस अंशांत तिरपी विणलेली. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा सेंटिमीटरभर आखूड, कारण ठिगळ जिथे एकदम संपतं तिथूनच उचकटतं. वरून सोलून काढायचं नायलॉनचं कापड, आणि त्यावर आकसणारी टेप ताणून गुंडाळली. टेपला सुईनं टोचलेल्या छिद्रांतून जादा इपॉक्सी थेंबाथेंबानं बाहेर येत होती. रात्री एक खोकं, त्यात दोन बल्ब, थर्मामीटर साठ अंशांवर. 6061 ला साठ अंश म्हणजे काहीच नाही, टी-6 जागच्या जागी.

रविवार

टेप सोलली. जाडी सगळ्या बाजूंनी पावणेदोन मिलिमीटर वाढली होती. रुपयाचं नाणं घेऊन त्यानं ठिगळावर इंच-इंच ठोकलं. खणखणीत आवाज म्हणजे चिकटलं आहे, बद्द आवाज म्हणजे आत पोकळी. एके ठिकाणी थांबला, पुन्हा ठोकलं, कान लावला, पुढे गेला. मामांनीही नाणं मागून घेतलं आणि आणखी एकदा सगळीकडे ठोकलं.

अडचण निघाली ती दुसरीच. वाढलेल्या जाडीमुळे आतलं दातेरी चक्र आता दांड्याला निसटतं घासणार. उपाय सोपा आहे: पायडलचा आस 113 ऐवजी 118 मिलिमीटरचा घालायचा, चक्र अडीच मिलिमीटर बाहेर सरकतं. म्हापशाला मिळाला नाही. पुण्यातून मागवला आहे, नव्या सीलबंद बेअरिंगसकट.

पैसे साडेचार हजार. गॅरंटी नाही, हे त्यानं पैसे घ्यायच्या आधी सांगितलं. सूचना मात्र भरपूर: आठवडाभर बसायचं नाही. नंतर डांबरी रस्त्यावरच, उड्या आणि खडकाळ वाटा कायमच्या बंद. महिन्यातून एकदा ठिगळाची कड आणि वेल्डिंगकडचं टोक भिंगानं बघायचं, कडेला केसभर रेघ दिसली तरी चालवणं थांबवून फोन करायचा. आणि पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा सोसतो तसं ॲल्युमिनियमचं नसतं, त्यामुळे पस्तीस वर्षांपेक्षा जुनी फ्रेम कधीतरी दुसऱ्याच ठिकाणी चिरेल, तेव्हा माझ्याकडे आणू नका, असंही हसत म्हणाला.

मामांनी सगळं वहीत लिहून घेतलं. परतताना, डिचोलीच्या आसपास, त्यांनी विचारलं, "सिंहगडाचा रस्ता डांबरीच आहे ना रे?"

मी म्हटलं, मामा, वर जाताना डांबरी आहे, उतरताना खड्डे आहेत.

"मग उतरताना टेम्पो करू," मामा म्हणाले, आणि सीट मागे घेऊन झोपले.